दारूबंदीचा कायदा आणि आपला गाव

(तळोदा तालुक्यात मे 1997 मध्ये झालेल्या शिबिरात एका कार्यकर्तीने केलेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे. मध्येच लाईट गेल्यामुळे थोडा भाग टेपमध्ये नाही, तो लिहून घेतलेल्या वहीवरून जोडला आहे. ज्या गावांत वाचणारे कोणी नाही तिथे शाखेच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे.)



काल रात्री गटात चर्चा झाली तेव्हा बायांच्या गटाने एकमुखाने सांगितलं, दारू बंद झाली पाहिजे, पोलिसात अर्ज द्या, धाड घाला. पुरुषांचा गट गप्प होता. मग मागून एका पोराने विचारलं, "ताई, दारूबंदीचा कायदा तर आहेच ना? मग दारू वाहते कशी?" सगळे हसले. मी हसले नाही. प्रश्न बरोबर आहे, आणि आज मला त्याच्यावरच बोलायचं आहे. कायदा कागदावर असतो, तो गावात का उतरत नाही? आणि कधी कधी कागदावर काहीच नसताना अख्खं गाव दारू सोडतं, ते कसं होतं?

आधी माझ्या गावची गोष्ट सांगते. यातली चूक आमची आहे, त्यामुळे सांगायला लाज नाही.

चार वर्षांपूर्वी आम्ही बायांनी अर्ज केला. साठ-सत्तर अंगठे होते. आमच्या पाड्यात तेव्हा पाच घरी भट्टी लागायची. आम्ही अर्ज घेऊन गेलो, फेऱ्या मारल्या, शेवटी एक दिवस जीप आली. जीप नाल्याच्या अलीकडे होती तेवढ्यात शेळ्या चारणारी पोरं पळत गावात आली. जीप पाड्यात पोचेपर्यंत चार घरचे माठ नाल्यात, पळसाखाली, कुठे कुठे गेले होते. सापडली फक्त एक विधवा बाई. तिला ऐकू कमी येतं, तिला कोणी सांगितलं नाही. तिच्या घरातून एक डबा रसायन, दोन बाटल्या आणि कणगीतला सगळा मोह उचलून नेला. कणगीतला मोह वाळलेला होता, पुढं बाजारात विकून मीठ-मिरची आणायचा मोह होता, पण पंचनाम्यात तो सगळा दारूचाच झाला. बाईवर पासष्ट ई लागलं. तालुक्याला तारखा सुरू झाल्या. दर तारखेला एसटीचं भाडं, वकिलाचे पैसे, मजुरी बुडायची ती वेगळी. तिने कानातलं गहाण टाकलं.

आणि रस्त्यावर, आमच्या पाड्यापासून दोन मैलांवर, देशी दारूचं दुकान आहे. त्याच्यावर पाटी आहे, 'सरकारमान्य'. जीप येताना त्याच्यासमोरून आली आणि जाताना त्याच्यासमोरून गेली.

पण खरं सांगायचं ते पुढं आहे. बाकीचे चार माठ ज्यांनी लपवले, त्यांत दोन बाया अशा होत्या ज्यांचे अंगठे आमच्या अर्जावर होते. मी त्यातल्या एकीला रागावून विचारलं, तूच अंगठा दिला आणि तूच माठ लपवला? ती म्हणाली, "दारू बंद व्हावी असं मी म्हणलं. शेजारीण जेलात जावी असं कुठं म्हणलं?" त्या वेळी मला ती अडाणी वाटली. आता वाटतं, अडाणी मी होते.

पुढच्या वर्षी पुन्हा धाड घालू म्हणलं तर गावातून एक अंगठा मिळाला नाही. पंच म्हणून सही करायला कोणी पुढे येईना. तालुक्याच्या कोर्टात गेलात तर बघा, दारूच्या केसमध्ये सगळीकडे तेच दोन-तीन पंच दिसतात. साहेब म्हणतो, आदिवासी साक्ष देत नाहीत, फितूर होतात. का होतात हे तो विचारत नाही. ज्या कायद्याच्या हातात शेजारीण सापडते आणि दुकानदार सापडत नाही, त्या कायद्याला गाव साक्ष देत नाही. लपवणं हे त्या वेळी पाप वाटत नाही, माणुसकी वाटते. गावाने असं एकदा ठरवलं की मग कितीही जीप आणा.

आता हे असं मन आपलं आजचं आहे का? नाही. हे शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे.

आपले आजे-पणजे मोहाची दारू घरी काढायचे. होळीला, लग्नाला, मयताला, इंदलला. देवाला आणि पूर्वजांना आधी धार, मग माणसांना. इंग्रज सरकारने 1878 साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा केला. तो दारूबंदीचा कायदा होता असं समजू नका. दारू प्यायला त्याची काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती घरी काढण्याला. दारू सरकारने ठरवलेल्या कारखान्यातली, मक्तेदाराच्या दुकानातली, सरकारचा कर भरलेलीच प्यायची, असा तो कायदा. मग 1892 साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा वेगळा कायदा केला. झाडाखाली पडलेलं फूल वेचून घरात ठेवायचं तर त्याच्यावर सुद्धा बंधन! मोह हे आपलं दुष्काळातलं अन्न आहे. उकडून खातात, भाजून खातात, गुरांना घालतात. पण सरकारला त्या फुलात फक्त दारू दिसली, आणि दारूत फक्त महसूल दिसला.

म्हणजे आपल्या माणसाची दारूच्या कायद्याशी पहिली ओळख झाली ती अशी. आजा घरी दारू काढतो तर चोर, आणि मक्तेदाराच्या गुत्त्यावर उधारीत पितो तर सरकारचा चांगला रयत. गुत्तेवाला तोच सावकार असायचा, पुष्कळदा जमीनवाला पण तोच. असा कायदा मोडणं याला आपल्याकडे कोणी गुन्हा म्हणलं नाही. माझा आजा सांगायचा, जंगलात रात्री भट्टी लावायची, दोन माणसं टेकडीवर राखण, आणि जमादार आला की घुबडासारखा आवाज काढायचा. हे तो फुशारकीने सांगायचा. जंगलात लाकूड तोडल्याबद्दल गार्डाला चुकवल्याची गोष्ट सांगावी तशी. आपल्या मनात अबकारी खातं आणि जंगल खातं यांची जात एकच आहे.

मग स्वराज्य आलं. 1949 साली मुंबई दारूबंदी कायदा झाला, 1950 च्या एप्रिलपासून सगळ्या इलाख्यात दारूबंदी. काल जे सरकार 'आमच्याच दुकानात पी' म्हणत होतं, ते एका रात्रीत म्हणायला लागलं 'पिऊच नको'. गांधीजींच्या माणसांच्या मनात चांगलं होतं, ते मी नाकारत नाही. पण पाड्यातल्या माणसाला काय दिसलं? तोच जमादार, तोच दंडुका, तोच हप्ता. शहरात डॉक्टरचा दाखला असलेल्याला परवाना मिळायचा. तब्येतीसाठी दारू लागते असं लिहून देणारा डॉक्टर आपल्या पाड्यात कुठून यायचा? मुंबईतही गरीब वस्त्यांत हातभट्टी फोफावली ती याच काळात. पुढे साठ-सत्तरच्या सालांत सरकारने हात सैल केला, परवाने वाढवले, देशी दारूची दुकानं उघडली. आणि गंमत बघा, कायद्याचं नाव बदललं नाही. आजही 'मुंबई दारूबंदी कायदा, 1949' याच नावाखाली दारूच्या दुकानांना लायसन्स मिळतं. त्याच कायद्याप्रमाणे आजही परवाना नसताना पिणं हा गुन्हा आहे. इथे बसलेल्या भावांपैकी कोणाकडे परवाना आहे? (हशा.) तहसील कचेरीतल्या कोणाकडे तरी आहे का, ते पण विचारून बघा.

मग त्या पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. ज्या कायद्याचं नाव बंदी आणि काम विक्री, त्याला कोण मानणार? लोक कायद्याचं पुस्तक वाचत नाहीत. कायदा कोणाला धरतो आणि कोणाला सोडतो, एवढंच बघतात. तेवढ्यावरून त्याची किंमत ठरवतात.

आता दुसरी बाजू.

1922 साली, पावसाळ्यानंतर, आपल्या शेजारच्या सुरत जिल्ह्यात देवी आली. पालघरकडच्या किनाऱ्यावरून ती निघाली, गावागावातून पुढे गेली. मांडवाखाली माणसं जमायची, कोणाच्या तरी अंगात यायचं आणि देवी हुकूम द्यायची. दारू सोडा, ताडी सोडा, मांस-मच्छी सोडा, रोज आंघोळ करा, घर साफ ठेवा. आणि ज्यांच्या हातात दारूची पिठं आणि जमिनी होत्या, त्या पारशांच्या कामाला जाऊ नका. तेव्हा दारू पिण्याविरुद्ध सरकारी कायदा नव्हता, उलट पिण्यातच सरकारचा फायदा होता. तरी हजारोंनी लोकांनी दारू सोडली. गुत्ते ओस पडले, अबकारीचं उत्पन्न घसरलं. पोलिसाची गरज पडली नाही. गाव गावावर नजर ठेवत होतं.

आणि आपल्या तळोद्यातच 1937-38 साली गुला महाराज. इथे ज्यांचे आजे सोमवारच्या आरतीला गेले होते असे पुष्कळ जण बसलेत. लोक एकमेकांना 'आप' म्हणायला लागले. विचार करा, ज्या माणसाला पाटील-सावकार 'ए भिलड्या' म्हणून हाक मारतो, तो माणूस दुसऱ्या भिलाला 'आप' म्हणतो. दारू सोडणं हे त्या 'आप'मधलंच होतं. मान मिळवायचा तर शुद्धीत राहायचं. 1938 साली महाराज गेले, भाऊ रामदास महाराजांनी पुढे चालवलं, आणि मग सरकारला ते नकोसं झालं. दारू सोडणारी माणसं सरकारला का नकोशी व्हावीत, याचा विचार तुम्हीच करा.

मी देवभोळी नाही हे तुम्हाला माहीत आहे. मांस खाऊ नका, आपले देव सोडा, दुसऱ्यांसारखे व्हा, हा जो भाग त्यात होता तो मला पटत नाही. काही घरांत त्यातून 'आम्ही भगत, तुम्ही हलके' अशी भिंतही पडली, ती आजपर्यंत आहे, सोयरीक अडते. आणि हेही खरं की देवीचा जोर ओसरल्यावर पुष्कळ लोक परत प्यायला लागले. पण पुष्कळांनी सोडली ती सोडलीच. त्यांच्यावर कोणतं कलम होतं? कोणतंच नाही. हुकूम त्यांच्यातल्याच माणसाच्या तोंडून आला, सगळ्यांसमोर आला, सगळ्यांना सारखा लागू झाला, आणि त्याच्यासोबत काहीतरी मिळालं. अब्रू मिळाली, सावकाराच्या ओट्यावरून उठून यायची ताकद मिळाली.

1972-73 ची गोष्ट तर इथल्या म्हाताऱ्या बाया माझ्यापेक्षा चांगली सांगतील. शहाद्याच्या भागात जमिनीची आणि मजुरीची चळवळ पेटली होती. सालदाराला माणूस म्हणून वागवा, गेलेली जमीन परत द्या. बाया शिबिरांना यायला लागल्या, आणि बाया बोलायला लागल्या तेव्हा पहिला विषय मजुरीचा निघाला नाही, माराचा निघाला. नवरा पिऊन मारतो. मग बाया गावोगाव गेल्या, माठ फोडले, मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत माफी मागायला लावली. त्यांनीही कायद्याची वाट बघितली नाही. कायदा त्यांच्या बाजूने होता, पण त्यांना त्याची आठवणसुद्धा नव्हती. आणि तेव्हा दारू बंद राहिली ती कुठे? जिथे संघटना जिवंत होती, दर आठवड्याला बैठक होत होती तिथे. जिथे बैठक बंद पडली, तिथे सहा महिन्यांत माठ परत बसला.

आता आमची दुसरी चूक सांगते.

धाडीचं फसल्यावर आम्ही म्हणलं, सरकारचा कायदा नको, आपला कायदा करू. गावसभा घेतली, ठराव केला. दारू काढली, विकली, प्यायली, तिन्हीला पाचशे रुपये दंड. दंडाची वही केली. पहिले दोन महिने जोरात. बाया रात्री काठ्या घेऊन फिरायच्या. तिसऱ्या महिन्यात एक म्हातारा वारला. तेराव्याच्या वेळी धार पाडायची होती. त्याच्या पोराने विचारलं, मोहाची धार पाडू का? आम्ही म्हणलं, ठराव म्हणजे ठराव. त्याने रात्री लपून धार पाडली. अख्ख्या गावाला माहीत होतं, कोणी बोललं नाही, आणि खरं सांगते, मला पण बोलवेना. त्या रात्री ठरावाला पहिलं भोक पडलं. मेलेल्या बापासाठी ठराव मोडला तर तो चांगला मुलगा, असं सगळ्यांना वाटलं. मग एकदा चांगल्या माणसाने मोडल्यावर वाईट माणसाला मोडायला काय लागतं?

दुसरं भोक आम्हीच पाडलं. आमच्यातला एक कार्यकर्ता, नाव घेत नाही, तो आज इथे नाही, तालुक्याहून पिऊन आला. मोर्चाच्या आदल्या दिवशी. आम्ही म्हणलं, उद्या मोर्चा आहे, नंतर बघू. नंतर कधीच बघितलं नाही. त्याच आठवड्यात एका सालदाराला पाचशे दंड केला होता. त्याने बोकड विकून भरला. तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही पण जमादारच निघाल्या." दंडाची वही माझ्याकडे अजून आहे. परवा काढून बघितली. एकोणीस नावं आहेत, एकोणीसच्या एकोणीस मजूर आणि कोरडवाहूवाले. सरपंचाच्या घरचं एक नाव नाही. ते काय पीत नव्हते? आम्ही सरकारसारखाच कायदा केला होता, फक्त वही आमची होती.

म्हणून मी म्हणते, 'सरकारी कायदा वाईट आणि गावचा कायदा चांगला' एवढं सोपं नाही. गावाचा कायदासुद्धा गावाच्या मनाविरुद्ध गेला, किंवा वाकडा चालला, की त्याचं तेच होतं.

बाहेर काय झालं ते थोडक्यात सांगते. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा नावाचं गाव आहे. तिथे बाया रात्रीच्या साक्षरता वर्गाला जायच्या, वाचायच्या पुस्तकात दारू बंद करणाऱ्या बायांचा धडा होता. धडा वाचून त्यांनी गुत्ता बंद पाडला. 1992 साली ते सगळ्या राज्यात पसरलं. सरकारला 1993 साली अरक बंद करावा लागला, 1995 साली संपूर्ण दारूबंदी झाली. आणि यंदा सरकारने ती परत सैल केली. खजिना रिकामा झाला, चोरटी दारू वाढली, ही कारणं. पण माझ्या मते, बायांनी जिंकलेली गोष्ट एकदा मंत्र्याच्या हातात गेली आणि गावात बायांची राखण संपली, तिथेच ती हरली. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. तिथे हातभट्टी मिळते का, ते वर्धेच्या माणसाला विचारा, तो हसेल. गडचिरोलीत 1993 साली जिल्हाबंदी झाली, ती मात्र लोकांनी पाच-सहा वर्षं मागून मागून घेतली, गावागावात ठराव करून. तिथेही शेजारच्या जिल्ह्यांतून चोरटी येतेच. पण बंदी आपली आहे असं म्हणणारी गावं तिथे आहेत, आणि फरक पडला तर त्या गावांमुळेच पडेल.

आता मुख्य गोष्टीवर येते, लाईट परत जायच्या आत.

गेल्या 24 डिसेंबरला दिल्लीत नवा कायदा लागू झाला. पंचायतीचा कायदा अनुसूचित क्षेत्राला लावण्याचा. आपण काल त्याच्यावर बोललो, पण एक कलम मला परत वाचून दाखवायचं आहे. कलम चार, त्यातलं एम. त्यात राज्यांना सांगितलंय की ग्रामसभेला आणि पंचायतीला हे हे अधिकार द्या. पहिला अधिकार, दारूबंदी करण्याचा किंवा नशेच्या वस्तूंची विक्री आणि सेवन यांवर बंधन घालण्याचा. दुसरा, गौण वनोपजाची मालकी. तिसरा, जमीन दुसऱ्याच्या हातात जाऊ न देण्याचा आणि बेकायदा गेलेली परत मिळवण्याचा. चौथा, गावचा बाजार. पाचवा, सावकारीवर ताबा. राज्य सरकारला आपले कायदे त्याप्रमाणे बदलायला एक वर्ष दिलंय.

दिल्लीत बसून हे कोणी लिहिलं ते जाऊ द्या, पण दारू, मोह, जमीन, बाजार आणि सावकार एका ओळीत बसवलेत. आपल्या आयुष्यात ते तसेच बसलेले आहेत. आपल्या कचेरीत जमिनीच्या फायली आहेत. 1974 चा जमीन परत देण्याचा कायदा आला, 1957 ते 1974 मध्ये गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून. काही मिळाल्या, मोर्चे काढून, ताबा घेऊन. त्यातल्या काही जमिनी आज परत दुसराच कसतोय. सातबारा आपल्या माणसाच्या नावाचा आहे. विक्रीला तर कलेक्टरची परवानगी लागते, विक्री झालेलीच नाही. मग काय झालं? दुकानावर उधारी झाली, उधारीपोटी 'दोन वर्षं तू कस' असं तोंडी झालं, दोनाची दहा वर्षं झाली. म्हणजे जमिनीचा कायदाही दारूच्या कायद्यासारखाच मोडला गेला, गावाच्या डोळ्यांसमोर, आणि गाव गप्प बसलं. का? 'त्याचं देणं आहे, आपण कशाला बोला' म्हणून. माठ लपवणारं मन आणि हे गप्प बसणारं मन एकच आहे. फक्त माठ लपवताना आपण शेजारणीला वाचवतो, आणि इथे गप्प बसून आपण दुकानदाराला वाचवतो.

तर ठराव करायचा असेल तर कसा करायचा, याबद्दल माझं मत सांगते. हे संघटनेचं मत नाही. माझं आहे, उद्या गटात त्याला फोडून काढा.

माझ्या मते धार बंद करू नये. देवाची, मयताची, होळीची. 1975 साली केंद्र सरकारनेच राज्यांना कळवलं होतं की आदिवासी भागात दारूची व्यापारी विक्री बंद करा आणि घरच्या वापरापुरती काढायला आदिवासींना मोकळीक द्या. आपल्या सरकारने पहिलं अर्धं केलं नाही आणि दुसरं अर्धं ऐकलं नाही, ते जाऊ द्या. पण विचार बरोबर होता. ज्या गोष्टीला अख्खं गाव पाप मानत नाही ती ठरावात बंद लिहिली तर ती लपून होणार, आणि लपून करायची सवय लागली की ज्या गोष्टीला गाव पाप मानतं तीही लपून होणार. विक्री ही गोष्ट वेगळी. पैसे घेऊन, धान्य घेऊन, उधारीवर दारू देणं, हे वाईट आहे असं पिणारासुद्धा शुद्धीत असताना म्हणतो. तिथे आपल्याला गावाचं मन आयतं मिळतं.

आता मागे बसलेल्या बाया डोकं हलवतायत, मला दिसतंय. त्यांचं म्हणणं, एक दार उघडं ठेवलं की सगळे त्याच दाराने जाणार. रोजच कोणाचा तरी मयत, रोजच कोणाचा तरी देव. मार आम्ही खातो, ताई खात नाही. हे बरोबर आहे. माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. धार कधी आणि किती, हे बायांनी ठरवायचं, पुजाऱ्याने नाही, एवढंच मला सुचतं. आणि मारणाऱ्याचा निवाडा वेगळा करायचा. तो पिऊन मारतो की न पिता मारतो हे विचारायचंच नाही. 'प्यायला होता' ही सूट आपणच त्याला देत आलोय.

दंड पैशांत नको. पैशाचा दंड मजुराला बोकडाइतका आणि सरपंचाच्या भावाला पानाइतका. काम द्या. बांधावर काम, शाळेच्या भिंतीला माती. सगळ्यांसमोर. आणि सुरुवात आमच्या घरापासून, म्हणजे कार्यकर्त्यांच्या. शाखेच्या बैठकीत ज्याच्या तोंडाला वास येईल त्याने तिथूनच उठायचं, मग उद्या मोर्चा असो की मंत्री येवो.

ज्या घरी विकूनच चूल पेटते, त्या घराचं काय, हे ठरावाच्या आत लिहिलं पाहिजे, खाली टीप म्हणून नाही. आमच्या पाड्यातली ती बाई आजही विकते. तिच्या दोन मुलींना तेवढाच आधार आहे. गावाने मोह एकत्र विकायचा ठरवला तर मोजायचं आणि राखायचं काम तिला द्या. मी तिला विचारलंय. ती म्हणाली, "आधी काम दाखवा, मग माठ फोडते." बरोबर बोलली.

आणि रस्त्यावरचं ते सरकारमान्य दुकान. ते ठरावात पहिलं. पाड्यातला एकही माठ फुटायच्या आधी त्या दुकानाविरुद्धचा ठराव तहसीलदाराच्या हातात गेला पाहिजे, पोच घेऊन. ते बंद होईल न होईल. पण गावाने बघितलं पाहिजे की आम्ही खालच्यापासून नाही, वरच्यापासून सुरू केलं. नवा कायदा राज्यात कसा उतरतो ते डिसेंबरपर्यंत कळेल. अर्ज मात्र आत्ताच जायला हवेत, म्हणजे 'मागणी कुठे होती?' असं कोणी म्हणायला नको.

एक शेवटचं. यंदा मोह बरा पडलाय, घराघरात कणग्या भरल्यात. व्यापारी येऊन गेलाय आणि पावसाळ्याच्या उधारीवर भाव बोलून गेलाय. त्याचा टेम्पो पुढच्या बाजाराला येणार. म्हणजे आपल्याकडे आठ दिवस आहेत. मोह एकत्र ठेवायचा की नाही, आणि कोणाच्या घरी, हे प्रत्येक शाखेने बाजाराच्या आधी कळवा. जेवण झालं की गटात बसू. आज बायांचा आणि पुरुषांचा गट एकत्रच बसेल, आणि पुरुषांनी आधी बोलायचं. काल तुम्ही फार गप्प होतात.

जिंदाबाद.